सिमेंट उतरवल्यावर दिसलेलं घर

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका शेतघराची ओल थांबवायची, एवढ्याच कामासाठी मालकीणबाईंनी आमच्या कचेरीत फोन केला होता. स्वयंपाकघराकडची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत कायम ओली, रंगाचे पोपडे सुटलेले, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. मागच्या पिढीत कधीतरी सगळ्या घराला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा झाला होता. भेगा पडतील तिथे वरून आणखी सिमेंट. तरीही ओल दर हिवाळ्यात थोडी वर चढत होती.

मी मूळची संगमेश्वरकडची. वास्तुकला पुण्यात शिकले आणि आता इंग्लंडच्या पूर्व भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. अशी घरं इथे गावोगाव आहेत. बाहेरून फिकट गुलाबी, कौलारू, कुठे थोडं कललेलं, छपराचा उतार खडा. आत सगळा ओकच्या लाकडाचा सांगाडा. सफोकच्या मधल्या पठारावर इमारतीला चांगला दगडच नाही. खाली चिकणमाती आणि त्या काळी आसपास भरपूर ओक. म्हणून शेतकऱ्यांनी लाकडाचा सांगाडा उभारला, खांबांमधल्या जागा काठ्या आणि मातीने भरल्या आणि वरून चुना दिला. आमच्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीचीच ही जात. तिथे कारवी, इथे हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या.

जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत घर ‘ग्रेड दोन’मध्ये नोंदलेलं होतं. इंग्लंडच्या यादीत तीन प्रती आहेत: एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती शेवटच्या प्रतीत मोडतात, म्हणून लोकांना वाटतं की ‘दोन’ म्हणजे किरकोळ. तसं नाही. 1990 च्या कायद्याप्रमाणे यादीतल्या इमारतीचं वैशिष्ट्य बदलेल असं काम परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संरक्षण फक्त दर्शनी भागाला नाही, आतलं-बाहेरचं सगळं त्यात येतं. अर्जाला फी लागत नाही. मात्र काय करणार, का करणार आणि त्यात जुनं काय गमावलं जाईल, हे लिहून द्यावं लागतं. ते लिहायचं तर आधी घर समजायला हवं. या टप्प्याला मी कधीच घाई करत नाही. बहुतेक घरांचं नुकसान वाईट हेतूने झालेलं नसतं. घर न समजता केलेल्या दुरुस्तीने ते झालेलं असतं.

तर आधी मोजणी. टेप, लेझर आणि कागद. लेझर स्कॅनरने काम भराभर होतं, तरी महत्त्वाचे भाग मी हातानेच काढते, कारण हाताने काढताना प्रत्येक सांध्यापाशी थांबावं लागतं आणि हे लाकूड इथे का संपलं हा प्रश्न तिथेच पडतो. तळमजला झाला, माडी झाली, मग शिडी लावून माळ्यावर गेले. वटवाघळांच्या तज्ज्ञांनी आधी येऊन पाहून घेतलं होतं. इंग्लंडमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि छपराला हात लावायचा तर कामाचे महिनेसुद्धा त्यांच्या सोयीने ठरतात.

माळ्यावर टॉर्च मारली आणि घराच्या मधल्या भागातले वासे काळेकुट्ट दिसले. ती जळण्याची खूण नव्हती. लाकडात मुरलेली काजळी होती, बोटाने पुसून न निघणारी. पूर्वेच्या बाजूचे वासे मात्र ओकच्या मूळ तपकिरी रंगाचे. दोन्हींच्या मध्ये काठ्या-मातीची एक पार्टिशन भिंत आढ्यापर्यंत गेलेली, तिची एक बाजू काळी आणि दुसरी स्वच्छ. हे दिसलं की घराचा मूळ नकाशा निम्मा हातात आला.

पंधराव्या शतकातल्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरात मधोमध एक मोठं दालन असे, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत उघडं. त्याला इथे हॉल म्हणतात. त्याच्या जमिनीवर उघडा जाळ. धुराडं नाही. धूर वर छपरात साठायचा आणि पेंढ्यातून, फटींतून वाट काढत बाहेर जायचा. हॉलच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधून घराच्या आरपार जाणारी वाट. वाटेच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या, एकीत बीअरची पिंपं, दुसरीत पाव आणि कोरडा शिधा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला घरधन्याची बसायची जागा, तिच्यामागे खासगी खोली आणि वर माडी. हा नकाशा प्रत्यक्ष चालून पाहायचा असेल तर वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयातलं बेलीफ हे घर पाहावं. ते मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाऊ बीच जलाशयासाठी जागा रिकामी करायची होती म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते सांधा-सांधा सुटा करून काढलं आणि पुढे संग्रहालयात पुन्हा उभं केलं. तिथल्या हॉलमध्ये आजही जाळ पेटवतात. धुराच्या थराखाली बसायचं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना समजतं.

आमच्या घरात हॉल होता, पूर्वेची खासगी खोली होती. पण पश्चिमेला आरपार वाटेपाशी घर संपत होतं. पिंपांची आणि शिध्याची खोली कुठेच नव्हती. पश्चिमेच्या भिंतीत, आतल्या बाजूला, गिलाव्याखाली दोन कमानदार चौकटींचे आकार हाताला लागत होते. शेजारी-शेजारी दोन दारं, आणि ती उघडणार थेट अंगणात. असं कोण बांधेल?

उत्तर वाशांवर कोरलेलं होतं. त्या काळचे सुतार सांगाडा आधी आपल्या आवारात जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर खूण करत, मग सगळा सुटा करून गाडीने जागेवर नेत आणि खुणा पाहून उभा करत. खुणा रोमन आकड्यांच्या धर्तीच्या, पण सुताराच्या सोयीच्या. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाच आणि चार रेघा. वजाबाकीचे आकडे नाहीत, कारण लाकूड उलटं धरलं तर घोटाळा व्हायचा. पश्चिम टोकाच्या पहिल्या वाशावरची धूळ मऊ ब्रशने झाडली, टॉर्च आडवी धरली, तेव्हा पटाशीने मारलेल्या रेघांची सावली उठली. पाच आणि एक. सहा. पुढच्या जोडीवर सात, त्यापुढे आठ. क्रम पूर्वेपर्यंत नीट गेलेला. म्हणजे एक ते पाच या जोड्या पश्चिमेला होत्या आणि त्या आता नाहीत. मधोमध घराच्या लांबीने जाणारी जी तुळई वाशांच्या आडव्या पट्ट्यांना खालून आधार देते, तिच्या पश्चिम टोकाला तुळई लांबवायचा सांधा होता, पण त्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग आणि त्यापुढची तुळई कधीतरी कापून नेलेली. घर एका खणाने लांब होतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नाही. मी माळ्यावरूनच मालकीणबाईंना हाक मारली. त्या याच घरात लग्न होऊन आल्या, त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्या बराच वेळ त्या सहाच्या आकड्यावर बोट फिरवत होत्या.

पुढचा इतिहास मग भराभर उलगडला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी आरपार वाटेला लागून विटांचं भलंमोठं धुराडं उभं केलं आणि धुराला स्वतंत्र रस्ता मिळाल्यामुळे उघड्या हॉलमध्ये माळा घातला. एका दालनाच्या दोन खोल्या झाल्या, वर आणि खाली. इंग्लंडभर हे घडत होतं. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1953 साली या लाटेला ‘ग्रेट रिबिल्डिंग’, म्हणजे मोठी पुनर्बांधणी, म्हटलं आणि तिचा काळ साधारण 1570 ते 1640 असा धरला. नंतरच्या अभ्यासकांनी या तारखांवर बरेच वाद घातले, पण या घरात तरी माळ्याच्या तुळयांच्या कडांवरची घडण त्या काळाशी जुळणारी होती. शेकोटीच्या वरच्या तुळईवर थेंबाच्या आकाराचे जळाल्याचे डाग होते. मेणबत्तीची ज्योत मुद्दाम टेकवून ते केलेले असतात आणि अरिष्ट घराबाहेर राहावं म्हणून ते करत असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. धुराडं ही घरातली कायम उघडी वाट, म्हणून अशा खुणा तिथे जास्त सापडतात.

मागच्या पडवीवजा भागात एका दारावर चुन्याच्या थरांखालून ‘डेअरी’ ही अक्षरं पुसट दिसत होती. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता. दुधाच्या आणि चीजच्या खोल्यांना पुढे त्यातून सूट मिळाली, पण दारावर किंवा खिडकीवर तसं लिहिलेलं असेल तरच. त्या अक्षरांवरचे थर खरवडायचे नाहीत आणि वर नवा थरही द्यायचा नाही, हे मी अर्जातच लिहून टाकलं.

लाकडाचं नेमकं वय काढायचं म्हणून वलयांच्या तज्ज्ञाला बोलावलं होतं. ओकच्या वर्षावलयांची जाडी हवामानाप्रमाणे कमी-जास्त होते, तो क्रम माहीत असलेल्या मालिकेशी जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. ओक ओला असतानाच घडवत, म्हणून तोडणी आणि बांधणी यांत फारसं अंतर नसतं. पण त्यासाठी साधारण पन्नासाहून जास्त वलयं लागतात, आणि पूर्व इंग्लंडचा ओक बऱ्याचदा भराभर वाढलेला असतो. आमच्या तुळया जाडजूड, वलयं मोजकी. तारीख मिळाली नाही. मग सांध्यांची पद्धत, छपराची रचना आणि दारांच्या कमानी यांवरून पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध असं लिहिलं आणि ते कशाच्या आधारावर, तेही लिहिलं. अर्ज गेला, स्थानिक प्रशासनाच्या जतन अधिकारी येऊन पाहून गेल्या, काही अटींसह परवानगी आली.

सिमेंट हातोडी आणि छिन्नीनेच उतरवायचं ठरलं होतं. यंत्राच्या धक्क्याने आतली माती निखळली असती. सिमेंट आणि भिंत यांच्यामध्ये कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी खिळ्यांनी ठोकलेली होती. पहिला मोठा तुकडा सुटला आणि मागून पाणी ओघळलं. कोरड्या आठवड्यात, बाहेर ऊन असताना. खालच्या भागातली माती चिखल होऊन काठ्यांवरून घसरली होती. सगळा सांगाडा ज्या आडव्या लाकडावर उभा असतो, त्या सोल प्लेटमध्ये मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत गेला.

यामागचं कारण प्रत्येक जुन्या घराच्या मालकाला कोणीतरी सांगायलाच हवं. लाकूड, माती आणि चुना ही सगळी ओलावा घेतात आणि सोडतात. पाऊस पडला की भिंत थोडी भिजते, वारा लागला की सुकते. पाचशे वर्षं हे असंच चाललं. लाकडाचा सांगाडा ऋतूप्रमाणे किंचित हलतो. चुना त्याच्याबरोबर थोडा हलतो, सिमेंट हलत नाही, तडकतं. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं, पण सिमेंटमधून वाफ होऊन पुरेसं बाहेर पडू शकत नाही, आणि मग ते खाली उतरून सोल प्लेटवर साठतं. लाकडातलं पाणी साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. इथे ते त्याच्या कितीतरी वर होतं. बुरशीने मऊ झालेला ओलसर ओक मिळाला की डेथवॉच नावाचा भुंगेरा येतो आणि त्याच्या अळ्या आतून लाकूड पोखरतात. तोही आला होता. आधीच्या ठेकेदाराने ओलीवर उपाय म्हणून भिंतीत रसायन भरायचं सुचवलं होतं. ते झालं नाही हे घराचं नशीब.

सिमेंट पूर्ण निघाल्यावर दक्षिणेच्या भिंतीने आणखी एक गोष्ट दाखवली. वरच्या तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने चौकोनी खाचा, पण प्रत्येक खाच कोनावर फिरवलेली. त्यांत एके काळी उभे लाकडी गज बसवलेले होते. काच नसलेली ही मूळ खिडकी. शेजारून झडप सरकवायची खोबण गेलेली. हॉलचा उजेड इथून येत होता. ही खिडकी पुन्हा उघडावी असं कुणालाही वाटेल, मलाही मोह झाला. पण बुजवलेली खिडकी हाही घराचाच इतिहास आहे आणि ती उघडायची तर सतराव्या शतकातली भक्कम भिंत पाडावी लागली असती. खाचांची मापं घेतली, फोटो काढले आणि त्या पुन्हा झाकल्या.

सुतार मध्यम वयाचा, कमी बोलणारा आणि हातात जबरदस्त नजर असलेला माणूस होता. त्याने आधी भिंतीला टेकू दिले आणि जॅकने भार अगदी थोडा उचलून घेतला. मग कुजलेला भाग कापला, आणि तेवढाच. मी वर हात घालायला जाण्याआधीच तो म्हणाला, “इथून वर लाकूड ठणठणीत आहे, त्याला मी हात लावणार नाही.” खांबाच्या खालचं टोक गेलं असेल तर तेवढंच नवं, तिरकस सांधा करून जुन्याला जोडलेलं. सोल प्लेटचे नवे तुकडे ओकचेच. नवा खांब कुसवाने खाचेत बसतो, आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकतात. पण दोन्ही लाकडांतली भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असतात, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळून घेते. गोंद नाही, खिळा नाही. त्या क्षणी सांध्यातून येणारा कर्र आवाज ऐकायला मी काम सोडून जायचे.

घर पश्चिमेकडे कललं होतं, ते सरळ करायचं का, असं मालकीणबाईंच्या मुलाने विचारलं. नाही. घर कललं त्यालाही काही शतकं झाली, सगळे सांधे त्या कलाप्रमाणे स्थिरावलेत. सरळ करायला गेलो तर ते तुटतील. कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1877 मध्ये लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच आग्रहातून: जुन्याला नवंकोरं करू नका, वेळच्या वेळी दुरुस्ती करा. आमचं नवं लाकूड आज फिकट दिसतं, म्हणून ते रंगवून जुनं भासवायचं नाही, हेही त्याच विचारातलं.

मग माती. उतरवलेली जुनी माती आम्ही फेकली नव्हती. ती भिजवली, तळ्याकाठची थोडी नवी चिकणमाती, कापलेला पेंढा आणि शेण घालून तुडवली. शेणाचा वास आला तेव्हा मला परका वाटला नाही. आमच्या घरी सारवण करताना मी आईच्या हाताखाली हेच काम केलं होतं. खांबांमध्ये आडव्या काठ्या बसवायच्या, त्यांना हेझलच्या उभ्या काठ्या दोरीने बांधायच्या, आणि मग दोन माणसांनी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून एकाच वेळी मातीचे गोळे दाबायचे, म्हणजे माती काठ्यांमधून एकमेकींना घट्ट धरते. माती पूर्ण सुकेपर्यंत थांबावं लागतं. सुकताना पडलेल्या भेगा पुढच्या थराला पकड देतात.

वरचा गिलावा मुरवलेल्या चुन्याचा, धारदार वाळूचा आणि बकऱ्याच्या केसांचा. केस गिलाव्याला धरून ठेवतात आणि भेगा आवरतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला थंडी चालत नाही. पारा पाच अंशांखाली जायची शक्यता असेल तर काम बंद. म्हणून ही कामं इथे वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंतच करतात. ऊन कडक असेल तर उलटी काळजी. ओलं गोणपाट भिंतीवर टांगून ठेवायचं, नाहीतर वरचा थर नुसताच वाळतो आणि खाली भुगा राहतो. शेवटी चुन्याच्या पातळ सफेदीचे हात. गुलाबी छटेसाठी बैलाचं रक्त घालत अशी दंतकथा सफोकमध्ये सगळे सांगतात. आम्ही लोहाची तांबडी रंगमाती घातली. पहिला हात दिला तेव्हा भिंत जवळजवळ पारदर्शक दिसत होती, सुकल्यावर रंग उमटला.

खर्चाची एक गोष्ट मला मनापासून खटकते. इथे नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य टक्के आणि जुन्या घराच्या दुरुस्तीवर वीस टक्के. यादीतल्या घरांच्या मंजूर फेरबदलांना पूर्वी सूट होती, तीही 1 ऑक्टोबर 2012 पासून काढून टाकली. सरकार एकीकडे जुनं जपायला सांगतं आणि दुसरीकडे जपणाऱ्याकडून कर घेतं. सिमेंटची स्वस्त पोती अशा घरांवर येऊन बसतात त्याला हेही एक कारण आहे.

पुढच्या हिवाळ्यानंतर मी पुन्हा मीटर घेऊन गेले. सोल प्लेटच्या जुन्या भागातलं पाणी वीस टक्क्यांच्या खाली आलं होतं, नव्या ओकला सुकायला अजून काही वर्षं लागतील. स्वयंपाकघराचा एक कोपरा अजून ओला आहे. तिथे कोणीतरी प्लास्टिकच्या थरावर काँक्रीटची फरशी ओतली आहे, तिच्याखालचं पाणी भिंतीकडे सरकतं. ती काढून मातीच्या मूळ लाद्या चुन्याच्या भरावावर परत बसवायच्या, याचा अर्ज तयार होतोय.

घराची यादीतली नोंद जेमतेम काही ओळींची आहे आणि ती बाहेरून पाहून लिहिलेली दिसते: गिलावा केलेलं, कौलारू, मधोमध धुराडं. हॉल नाही, काजळी नाही, हरवलेला खण नाही. आमचे नकाशे आणि सुताराच्या खुणांचे फोटो परगण्याच्या ऐतिहासिक नोंदींच्या दप्तरात जमा केले आहेत. यादीतली नोंद सुधारून मिळावी म्हणून यादीचं काम पाहणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेकडे अर्ज करायचा आहे, त्याचा मसुदा मालकीणबाईंनी स्वतः वाचून सहाव्या वाशाचा फोटो पहिल्या पानावर घ्यायला लावला.